मानपाड्यातली आखूड मुळं

स्नेहाने रोप पाण्याच्या बादलीत बुडवलं, हळूच हलवून माती सोडवली आणि माझ्यासमोर धरलं. तिने दुसरं काढलं. मग तिसरं. तिन्हींची तीच गत. वर पानं हिरवीगार, आणि खाली लांबसडक मुळांच्या जागी आखूड, जाडसर, जरा वळलेले खुंट.

“मॅडम, ही मोकळ्या मातीतली आहेत,” ती म्हणाली. “दाबलेल्या मातीतली अजून काढलीच नाहीत.”

“लेबल नीट बघ.”

“बघितलेलं. म्हणून तर तुम्हाला बोलावलं.”

मी खाली बसले आणि उरलेली रोपं स्वतः काढायला लागले. मोकळ्या भुसभुशीत मातीत मक्याचं मूळ सुसाट खाली जातं. त्याला कोणी अडवायला नसतं. दाबलेल्या मातीत ते आखूडतं, जाड होतं. या दोन्हींमधला फरक मोजणं, हाच आमचा सगळा प्रोजेक्ट. आणि आता फरकच शिल्लक नव्हता.

मी वनस्पतिशास्त्रज्ञ. माझा विषय मुळं. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये सासूबाई कौतुकाने सांगायच्या, “सूनबाई मुळ्यांवर काहीतरी संशोधन करते.” बरीच वर्षं शेजारणी मला मुळ्याच्या भाजीबद्दल विचारत. मुळ्यांवर नाही, मुळांवर, असं सांगून मी दमले आणि शेवटी मुळ्याची भाजी चांगली करायला शिकले.

मी एका छोट्या कंपनीत काम करते. बियाण्यांच्या मोठ्या कंपन्या आम्हाला प्रश्न देतात, आम्ही प्रयोग करून उत्तर देतो. ऑफिस ठाण्यात. ग्रोथ रूम मात्र डोंबिवलीजवळच्या मानपाड्याला, इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात, कारण तिथे जागा मिळते आणि लाइट जात नाही. ग्रोथ रूम म्हणजे अशी बंद खोली, जिथे ऊन किती, उकाडा किती, ओलावा किती, हे निसर्ग नाही, आम्ही ठरवतो. निदान आमचा तसा समज होता.

या वेळचा क्लायंट हैदराबादची एक बियाणं कंपनी. त्यांचा प्रश्न सरळ होता. ट्रॅक्टर आणि कापणीची अवजड यंत्रं फिरून फिरून शेतातली माती खाली दाबली जाते. मक्याची मुळं थोडी खाली जातात आणि थांबतात. खाली पाणी असतं, पण तिथवर पोचत नाहीत. आमच्या वाणांपैकी असं कुठलं आहे का, ज्याची मुळं थांबत नाहीत?

माती घट्ट, मूळ नाजूक, त्याला घुसता येत नाही, म्हणून ते थांबतं, असं आपल्याला वाटेल. ते काही अंशी खरं आहे. पण गंमत अशी की बऱ्याचदा मूळ घुसू शकत असतं, तरी थांबतं. कारण त्याला थांबायचा निरोप येतो.

हा निरोप देणारं हार्मोन म्हणजे इथिलिन. हार्मोन असूनही हा गॅस आहे. झाडाचा प्रत्येक भाग तो थोडाथोडा तयार करत असतो, मूळसुद्धा. मोकळ्या मातीत तो कणांमधल्या फटींतून निघून जातो. दाबलेल्या मातीत फटीच नसतात, म्हणून तो मुळाभोवती साचतो. साचला की मुळाला वाटतं, पुढे रस्ता बंद आहे. मग ते लांब व्हायचं सोडून जाड व्हायला लागतं.

पण निरोप आला तरी तो ऐकायला कोणीतरी लागतं. गॅस ओळखणं, मग ती खबर पेशीच्या आत पोचवणं, ही कामं ठरावीक जनुकं करून घेतात. त्यातलं एक महत्त्वाचं जनुक बंद पडलं की झाडापुढे कितीही इथिलिन सोडा, त्याला पत्ताच नसतो. असा एक मका आमच्याकडे होता. तुलनेसाठी मुद्दाम आणलेला. त्याचा अधिकृत नंबर लांबलचक होता. स्नेहाने त्याचं नाव ठेवलं बहिरोबा. अख्खं ऑफिस त्याला तेच म्हणायचं.

स्नेहा गायकवाड आमच्याकडे रिसर्च असोसिएट. कल्याणच्या कॉलेजातून एम.एस्सी. केलेली, दिवा स्टेशनजवळ राहणारी. मुळं धुण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. माती सुटली पाहिजे, पण केसासारखी बारीक मुळं तुटता कामा नयेत. मी दोन बादल्या पाणी वापरते तिथे तिचं काम अर्ध्या बादलीत होतं. मी एकदा कौतुक केलं तर म्हणाली, “मॅडम, आमच्या बिल्डिंगला पाणी एक दिवसाआड येतं. सवय आहे.”

तिचं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात रिन्यू व्हायचं होतं.

दुपारी देवस्थळी सर आले. हे आमचे डायरेक्टर. आवाज मोठा, मन चांगलं, पण क्लायंट येणार म्हटलं की मनापेक्षा आवाज पुढे. हैदराबादचा रिव्ह्यू जवळ आला होता. त्यांनी रोप हातात घेऊन उजेडात फिरवलं.

“ऑक्झिन,” ते म्हणाले.

ऑक्झिन म्हणजे झाडाचं दुसरं हार्मोन. ते शेंड्याकडे जास्त तयार होतं आणि खाली मुळांपर्यंत पोचवलं जातं. मूळ कुठे वळणार, उपमुळं कुठून फुटणार, यात त्याचा मोठा वाटा. योग्य प्रमाणात असलं तर छान. जास्त झालं तर मूळ आखूड आणि जाड. त्यामुळे सरांचा संशय अगदीच हवेतला नव्हता.

“आपल्याकडे ऑक्झिनची बाटली सध्या कोण वापरतंय?” त्यांनी विचारलं.

“मी, सर,” स्नेहा म्हणाली. “गुलाबाच्या कलमांचं काम चालू आहे ना, त्यासाठी.”

“आणि मक्याला द्यायचं खतपाणी कोण बनवतं?”

“मीच.”

“संपलं मग.”

“सर, मी ग्लोव्ह्ज बदलते. वेगळा पिपेट, वेगळं टेबल.”

सरांनी मला बाहेर बोलावलं. दार नीट लागत नाही, हे त्यांच्या लक्षात नव्हतं. “अनघा, हे बघ. क्लायंटला काहीतरी सांगावं लागणार. हँडलिंग एरर झाली, माणूस बदलला, असं सांगू. स्नेहाला ठाण्याला बसव. कॉन्ट्रॅक्टचं नंतर बघू.”

“सर, आधी तपासू तरी.”

“तपास ना. पण रिव्ह्यूच्या आधी. आणि हे ट्रे फेकून द्या.”

ते गेले. मी आत आले. स्नेहा बादली धूत होती. पाठमोरीच म्हणाली, “मॅडम, मी कलमांचं काम दुसऱ्या कोणाला द्यायला तयार आहे. पण माझ्याकडून झालेलं नाही.”

“मग कशामुळे झालंय ते शोधू,” मी म्हटलं. “आणि ट्रे फेकू नकोस.”

आधी खतपाण्याचा प्रश्न निकालात काढायचा होता. त्यासाठी सर्वांत साधी पद्धत म्हणजे खतपाणी द्यायचंच नाही. मक्याच्या दाण्यात पहिल्या काही दिवसांपुरती शिदोरी असतेच. मी ठाण्याच्या ऑफिसात, माझ्या हाताने, जाड शोषकागद ओले केले, त्यावर दाणे ओळीने ठेवले आणि अळूवडीसारख्या गुंडाळ्या केल्या. पाणी एकाच सीलबंद बाटलीतलं. अर्ध्या गुंडाळ्या ऑफिसातल्या कपाटात उभ्या केल्या, अर्ध्या मानपाड्याच्या ग्रोथ रूममध्ये. गुलाबाची बाटली, स्नेहाचे हात, माती, खत, सगळं बाजूला. कपाटाला थर्मामीटर लावून तापमान सारखं ठेवायची धडपडही केली. ऑफिसातल्या लोकांना माझ्या कपाटातून फाइल काढायला बंदी झाली.

चार-पाच दिवसांनी गुंडाळ्या उलगडल्या. कपाटातली मुळं लांब, सरळ, पांढरीशुभ्र. मानपाड्यातली पुन्हा खुंट.

मी दोन्ही कागद सरांच्या टेबलावर ठेवले.

“म्हणजे स्नेहाच्या खतपाण्याचा संबंध नाही,” मी म्हटलं.

“ग्रोथ रूममध्ये ऑक्झिन सांडलं असेल.”

“सर, आपलं ऑक्झिन सांडलं तर फरशीवर राहतं. बंद गुंडाळीत उडून जात नाही.”

“मग काय आहे तिथे?”

“हवेत काहीतरी आहे.”

“अगं, एमआयडीसी आहे ती,” सर वैतागून म्हणाले. “हवेत काय नाही ते विचार.”

हे मात्र खरं होतं. संशयित शोधायला गेलं तर अख्खी इस्टेट उभी होती. प्लास्टिकवाला, बेकरीवाला, पावडर कोटिंगवाला, सारखा चालू-बंद होणारा कोणाचा तरी जनरेटर. मी त्यांची नावं मनात घोळवत मानपाड्याला निघाले. शीळफाट्याजवळ नेहमीप्रमाणे गाडी अडकली. पुढे डंपर, बाजूला डंपर. तेवढ्यात स्नेहाचा फोन.

“मॅडम, बहिरोबा ठीक आहे.”

“ठीक म्हणजे?”

“ठीक म्हणजे एकदम मस्त. आत्ता धुतला त्याचा ट्रे. शेवटचा ठेवलेला ना, कंट्रोल म्हणून. मुळं ही एवढी लांब. सरळ. जसं काही झालंच नाही.”

“त्याच रूममध्ये होता?”

“त्याच रूममध्ये, त्याच रॅकवर, तेच खतपाणी.”

मागचा हॉर्न वाजवत होता. एका खोलीत सगळ्यांना कोणीतरी थांबा म्हणून सांगितलं होतं. सगळे थांबले होते. फक्त ज्याला ऐकूच येत नाही तो पुढे गेला होता.

“इथिलिन,” आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

जनुकांवर मी इतकी वर्षं काम केलं, पण एखाद्या बंद जनुकाने साक्षीदारासारखी अशी सरळ साक्ष दिलेली पहिल्यांदाच पाहत होते. मला इतका आनंद झाला की मी काच खाली करून मागच्या हॉर्नवाल्याला हात केला. त्याने काय समजायचं ते समजून घेतलं.

पण साक्ष आम्हाला पटून उपयोग नव्हता. सरांना पटायला हवी होती. हवेचा नमुना बाहेरच्या लॅबला पाठवला, पण रिपोर्ट रिव्ह्यूच्या नंतरच येणार होता. तोवर काय?

“मॅडम, मूग?” स्नेहा म्हणाली.

मला लगेच कळलं नाही.

“मुगाचे मोड जाड आणि कुरकुरीत यावेत म्हणून काही ठिकाणी मुद्दाम हा गॅस देतात ना? अंधारात उगवलेल्या मुगाला इथिलिन लागलं की तो बुटका, जाडा आणि वाकडा होतो. एम.एस्सी.ला शिकलेलो.”

कुठल्याही महागड्या यंत्राशिवाय होणारी ही तपासणी. मी डोंबिवलीच्या दुकानातून अर्धा किलो मूग आणले. भिजवले. एका डब्यातले घरी स्वयंपाकघरात फडक्याखाली, एका डब्यातले ग्रोथ रूममध्ये काळ्या कापडाखाली. नवऱ्याने घरचा डबा उघडून पाहायचा प्रयत्न केला तेव्हा मी इतकी ओरडले की तो त्या आठवड्यात फ्रिजसुद्धा विचारून उघडत होता.

मूग वाढल्यावर आम्ही सरांना मानपाड्याला बोलावलं. टेबलावर दोन थाळ्या मांडल्या होत्या.

“अगं, ही उसळ कशासाठी?” ते दारातूनच म्हणाले.

“जवळून बघा ना, सर.”

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. घरच्या थाळीतले मोड बारीक, लांब, सुतासारखे. ग्रोथ रूममधले बुटके, गुटगुटीत, आणि वरचा भाग आकड्यासारखा वळलेला. सर वाकून पाहत राहिले. मग त्यांनी एक मोड चिमटीत उचलला आणि त्यांचा चेहराच बदलला. डायरेक्टर कुठेतरी गेला आणि कॉलेजातला एक हुशार पोरगा तिथे उभा राहिला.

“अरे, हे आम्ही वाटाण्यावर केलेलं!” ते जवळजवळ ओरडले. “बुटकं, जाड, वाकडं! आमच्या सरांनी पेटीत पिकलेलं सफरचंद ठेवलेलं!”

“सफरचंदातून इथिलिन बाहेर पडतं म्हणून ना?” स्नेहाने विचारलं.

“मग! पिकणारं कुठलंही फळ...” सर बोलता बोलता थांबले.

आम्ही तिघंही थांबलो. मग तिघंही दाराकडे निघालो.

गाळ्याच्या मागच्या गल्लीत आमच्यापैकी कोणी कधी जात नसे. तिथे एक रिकामी शेड होती, ते माहीत होतं. ग्रोथ रूममध्ये ताजी हवा ओढणारा आमचा पंखा त्याच बाजूला होता. देवस्थळी सर पुढे, नाक वर करून, हवा हुंगत. मागे मी. मागे स्नेहा, हसू दाबत. इथिलिनचा स्वतःचा वास नाकाला लागण्याइतका नसतो. पण दुसरा एक वास होता. गोडसर, ओळखीचा.

शेड आता रिकामी नव्हती. आत नव्या चेंबरची पांढरी दारं होती, बाहेर प्लास्टिकच्या क्रेट्सची भिंत, आणि क्रेट्समध्ये हिरवीगार केळी. श्रावण तोंडावर होता. उपासाला केळी लागणारच. खुर्चीवर एक गृहस्थ चहा पीत बसले होते. मानपाड्याचेच, भोईर.

“होलसेल हाय हां,” ते आम्हाला पाहून म्हणाले. “सुटी केली नाय भेटनार.”

“आम्ही पुढच्या गाळ्यातले,” मी म्हटलं. “केळी पिकवायला तुम्ही गॅस वापरता ना?”

ते ताडकन उठले. “कार्बाइड नाय हां मॅडम! आपला सगला कायद्यात हाय. इथिलिनची मशीन हाय, लायसन हाय. मानसाला काय त्रास नाय.”

“अहो, माणसाला नाहीच त्रास. चांगलंच काम करताय तुम्ही. फक्त चेंबर उघडल्यावर आतला गॅस कुठे जातो?”

“मागं. त्यो काय, पंखा लावलाय.”

त्यांनी बोट दाखवलं. त्यांचा हवा बाहेर टाकणारा पंखा आणि आमचा हवा आत ओढणारा पंखा, गल्लीच्या दोन बाजूंना, एकमेकांकडे तोंड करून फिरत होते. इतके समोरासमोर की कोणीतरी मापं घेऊन बसवावेत.

“तुमच्या गॅसमुळे आमच्या मुळांवर परिणाम झालाय,” सर म्हणाले.

भोईरांनी कप खाली ठेवला. “मुलांवर? किती मुलं हाईत तुमची आत?”

“मुलं नाही हो, मुळं. मक्याची.”

“तेच बोलतो ना मी. मुलं.” मग त्यांच्या लक्षात आलं. “ती व्हय! झाराची मुलं! अवो, माजा जीव गेल्ता आत्ता.”

स्नेहाला हसू आवरलं नाही. मग मलाही. मग ते स्वतःच इतके हसले की आतून त्यांची माणसं बाहेर आली.

आम्ही त्यांना ग्रोथ रूममध्ये आणलं. त्यांनी बहिरोबा पाहिला, बाकीची रोपं पाहिली, मूग पाहिले. प्रश्न मात्र नेमके विचारले. इथिलिन फळाला पीक म्हणतं आणि मुळाला थांब म्हणतं, एकच गॅस दोन कामं कशी करतो? मी सांगितलं की हार्मोन म्हणजे फक्त हाक. ती ऐकून काय करायचं ते त्या त्या अवयवात कुठली जनुकं जागी आहेत त्यावर ठरतं.

“म्हंजे आमच्या घरासारका,” ते म्हणाले. “जेवाला या म्हनून एकच हाक. कोन ताटावर येतो, कोन मोबाइलवरच बसतो.”

याहून चांगला खुलासा मला अजून सापडलेला नाही. मी तो नंतर दोन व्याख्यानांत वापरला.

भोईरांनी काही आढेवेढे घेतले नाहीत. त्यांच्या पंख्याला पत्र्याचा पाइप जोडून तो छपराच्या वर नेला. त्यांचीही एक अडचण होती. चेंबरच्या एका कोपऱ्यातली केळी नेहमी कच्ची राहायची. स्नेहा आत जाऊन पाहून आली आणि क्रेट्स भिंतीला टेकवून रचल्यामुळे तिथे हवाच फिरत नाही, असं तिने सांगितलं. थोडी फट सोडल्यावर कोपराही पिकायला लागला.

आमच्या बाजूने आम्ही पंख्यावर गाळणी बसवली. पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे विहिरीत टाकतात ती जांभळी पावडर, इथिलिनला पकडून नष्ट करते. ती विटांच्या तुकड्यांवर मुरवायची आणि हवा त्यातून घ्यायची. हे काम देवस्थळी सरांनी हट्टाने स्वतः केलं, ग्लोव्ह्ज न घालता. पुढचा आठवडाभर त्यांची बोटं तपकिरी होती आणि ठाण्यातल्या ऑफिसात ते हात खिशात घालून फिरत होते.

नवीन गुंडाळ्या लावल्या. मुळं लांब आली, सरळ आली. प्रश्न सुटला.

पण क्लायंटला दाखवायला काय होतं? मोठा प्रयोग पुन्हा लावायला वेळ उरला नव्हता. हातात होते ते खराब झालेले ट्रे. एका दुपारी त्यांच्यासमोर बसलेलो असताना स्नेहा म्हणाली, “मॅडम, खराब कशाला म्हणायचं? काय झालं ते आता माहीत आहे ना. ज्याला माहीत नव्हतं त्याच्यासाठी खराब.”

ती बरोबर बोलत होती. क्लायंटची सगळी वाणं इथिलिनने भरलेल्या हवेत वाढली होती. आम्ही मुद्दाम केला नसता असा प्रयोग शेजाऱ्याने आमच्यासाठी करून ठेवला होता. आम्ही रोप न रोप धुतलं, स्कॅनरवर पसरलं आणि मोजलं. नुसत्या डोळ्यांना सगळी आखूडच दिसली होती. मोजल्यावर तीन वाणं वेगळी निघाली. बहिरोबाइतकी लांब नाही, पण बाकीच्यांपेक्षा स्पष्ट लांब. त्यांना हाक ऐकू जात होती, पण अर्धीमुर्धी.

आणि शेतकऱ्याला असंच वाण हवं असतं. पूर्ण बहिरं झाड लॅबमध्ये छान दिसतं, शेतात अडचणीचं. पाणी साचलं की मुळात हवेच्या पोकळ्या तयार करायला, आणखीही पुष्कळ गोष्टींना, झाडाला इथिलिनचं ऐकावं लागतं. थोडं ऐकणारं, थोडं दुर्लक्ष करणारं बरं.

रिव्ह्यूला हैदराबादहून सरोजा मॅडम आल्या. शांत बाई, कमी बोलणाऱ्या. सरांनी सुरुवात केली, “मॅडम, देअर वॉज अ स्मॉल एन्व्हायर्नमेंटल इश्यू...”

“बॅड ट्रे कहाँ हैं?” त्यांनी मधेच विचारलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्नेहाकडे पाहिलं. सरांनी क्षणभर विचार केला आणि ते म्हणाले, “स्नेहा एक्सप्लेन करेगी. उसी का काम है.”

स्नेहाने पहिल्या खुंटापासून सगळं सांगितलं. केळी, पंखे, मूग, काही लपवलं नाही. सरोजा मॅडम वहीत टिपून घेत होत्या. तीन वाणांची मुळं त्यांच्यासमोर ठेवली तेव्हा त्या पुढे झुकल्या.

“गॅस का डोस कितना था?”

“पता नहीं मॅम,” स्नेहा म्हणाली. “केलेवाले से पूछना पड़ेगा.”

देवस्थळी सरांनी डोळे मिटले. आणि सरोजा मॅडम हसल्या. चांगल्या मोकळ्या हसल्या. चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाल्या, माती दाबून, पाइप भरून, एकेक वाण तपासण्यात आपण महिने घालवतोय. बंद पेटीत मोजून गॅस द्या, कोवळी रोपं ठेवा, जी कमी ऐकतील तीच पुढे मातीत तपासा. निम्मं काम वाचेल.

प्रोजेक्ट वाढला. आम्ही बंद पेट्या बनवल्या, मोजून गॅस दिला, या वेळी आमच्या मर्जीने. तीन वाणांपैकी एक फसवं निघालं. त्याचा ट्रे दाराजवळ, पंख्यापासून लांब होता, म्हणून त्याला गॅसच कमी मिळाला होता. उरलेली दोन खरी होती. दाबलेल्या मातीच्या पाइपमधून त्यांची मुळं तळापर्यंत उतरली. पाइप उभा कापून ती पाहिली तेव्हा स्नेहाने टाळी वाजवली. आता ती क्लायंटच्या शेतावर चाचणीला आहेत. तिथे काय होतं ते पीकच सांगेल, मी आत्ताच बढाई मारणार नाही.

स्नेहाचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. सरांनी तिला पर्मनंट केलं. अपॉइंटमेंट लेटर देताना ते बराच वेळ टेबलावरची पेनं सरळ करत बसले. मग म्हणाले, “त्या दिवशी मी दारापाशी जे बोललो ते तुला ऐकू गेलं असेल.”

“हो, सर.”

“चुकलंच माझं. आधी विचारायला हवं होतं.”

“ठीक आहे, सर,” स्नेहा म्हणाली आणि लेटर घेऊन बाहेर आली. बाहेर येऊन तिने आईला फोन लावला. तिची आई कल्याणच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. ड्यूटीवर असूनही तिने पहिल्याच रिंगला उचलला.

या सगळ्यातून मी एक गोष्ट शिकले. प्रयोग बिघडला की आपण आधी माणूस शोधतो, कारण तो समोर उभा असतो. त्याआधी एकदा भिंतीपलीकडे जाऊन यावं. आमच्याकडे हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण पाळला जातो. गेल्या महिन्यात आमच्या समोरच्या गाळ्यात रंगाचं नवीन युनिट सुरू झालं. देवस्थळी सर पहिल्याच दिवशी ओळख करून घ्यायला गेले, आणि त्यांचा पंखा कुठल्या दिशेला आहे ते बघूनच परत आले.